धूळमामांचा स्वेटर

"साहेब, आधी खांदे झटका," धूळमामा दारात आडवे उभे राहून म्हणाले.

मोठे साहेब म्हणजे अख्ख्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांच्या कोंड्याचा उल्लेख करायची एरवी कुणाची छाती झाली नसती. पण हवेतली धूळ मोजायच्या खोलीची राखण मामांकडे होती, आणि तिच्या दारात ते कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. साहेबांनी निमूटपणे खांदे झटकले, मामांनी पुढे केलेला पांढरा कोट चढवला, तेव्हा कुठे त्यांना आत पाऊल टाकता आलं.

आत काचेची एक पेटी होती आणि तिच्यातून लेसरचा हिरवा किरण जात असे. हवेतला कण त्या किरणात सापडला की चमकायचा आणि उजेड चहूकडे उधळायचा. कुठल्या बाजूला किती उधळला, यावरून तो कण केवढा हे यंत्र ओळखायचं. मॅडम त्यावर इस्पितळांसाठी हवा गाळायच्या जाळ्या तपासत. मामांच्या लेकीच्या वयाच्या होत्या, पण कामाला वाघीण. रोज आधी यंत्राला गाळलेली, निव्वळ स्वच्छ हवा दाखवायची. संगणकावरची रेघ सपाट आली की मगच पुढचं काम, असा रिवाज होता.

गेले कित्येक महिने ती रेघ सपाट येत नव्हती. मधेच एक टेंगूळ उठायचं. ते गेलं नाही तर सगळं काम दुसऱ्या प्रयोगशाळेला देऊन टाकू, असं सांगायलाच मोठे साहेब आले होते आणि सांगून गेले.

"मामा, धूळ येते तरी कुठून हो?" मॅडमनी कपाळाला हात लावला.

"शोधून काढतो मॅडम. पाताळात लपली असली तरी काढतो."

खोली यंत्रासाठी थंडगार ठेवलेली असे आणि मामांचा पिंड थंडीला भिणारा. म्हणून कोटाच्या आत ते एक निळा स्वेटर घालत. तो मामींनी विणला होता. आदल्या वर्षी आजारपणात मामींचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, विणकाम करा, बोटं सुटतील. बोटांना टोचू नये म्हणून मामांनी बाजारातली सगळ्यात मऊ, भुरभुरीत लोकर आणली. मामी विणायच्या, टाके निसटायचे, चिडून उसवायच्या, पुन्हा विणायच्या. शेवटी जो स्वेटर निघाला त्याची एक बाही गुडघ्याशी सलगी करत होती आणि गळ्यातून दोन माणसं सहज गेली असती. मामांना तो इतका आवडला की ऐन उन्हाळ्यातही त्यांनी अंगाबाहेर काढला नाही.

चाणाक्ष वाचकांनी चोर केव्हाच ओळखला असेल. मामांनी ओळखला नव्हता. खोलीत लोकरीचं काही आणायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला. पण त्यांच्या लेखी तो स्वेटर लोकर नव्हताच, तो मामींचा बरा झालेला हात होता.

तपास जोरात सुरू झाला. झाडूवाल्या बाईंची उलटतपासणी झाली. मॅडमना पावडर लावून यायची बंदी झाली. मामा दर थोड्या वेळाने आत जाऊन कानेकोपरे पुसू लागले, आणि जितकं पुसावं तितकं टेंगूळ वाढू लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

एक दिवस मामींना डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मामांनी रजा घेतली. त्या दिवशी रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट आली.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "मामा, जरा बाहेर उभे राहा. आता आत या. पुन्हा बाहेर जा."

"काय कवायत लावलीय मॅडम?"

मॅडमनी पेटीचं झाकण उघडलं. मामांच्या कोटातून बाहेर डोकावणारी लांब बाही त्यांनी किरणावर धरली आणि हलकेच झटकली. हिरव्या ठिणग्यांचा पाऊस पडला. संगणकावरची रेघ डोंगर चढून गेली.

मामा खाली बसले. मॅडमना वाटलं, चक्कर आली.

"मॅडम," मामा हळूच म्हणाले, "हे आमच्या घरी कळता कामा नये."

मग नवा उद्योग सुरू झाला. घरातून निघताना स्वेटर अंगात, प्रयोगशाळेत आल्यावर तो बाहेरच्या कपाटात, घरी जाताना पुन्हा अंगात. धुळीचा प्रश्न मिटला आणि मामांना सर्दी झाली. सडकून.

"अहो, एवढा स्वेटर घालता आणि शिंकता कसे?" मामींनी विचारलं. मामांनी पंख्यावर ढकललं. मामींनी मनाशी ठरवलं, की आपलंच विणकाम विरळ झालंय. संध्याकाळी मामा घरी आले तर मामी खिडकीशी बसून त्याच लोकरीचा दुसरा स्वेटर विणत होत्या. दुप्पट जाड. मधूनमधून थांबून दुखरी बोटं चोळत होत्या.

ते मात्र मामांना बघवेना.

"अगं, थांब. नको विणूस." आणि त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

मामींच्या सुया थांबल्या. "म्हणजे मी केलेला स्वेटर कचरा सांडतो?"

"कचरा नाही गं. कण."

"कुणी सांगितलं?"

"यंत्रानं."

"मला दाखवा तुमचं यंत्र," मामी म्हणाल्या. मग त्यांनी अर्धा विणलेला स्वेटर सुयांसकट पिशवीत कोंबला. मामांचा जीव टांगणीला लागला. हिनं रागानं सुया टाकल्या तर हात पुन्हा आखडेल, ही त्यांना खरी धास्ती होती.

सकाळी दोघं प्रयोगशाळेत गेली. मॅडमनी मामींना खुर्ची दिली, दिवे मालवले आणि स्वेटर त्यांच्या हाती दिला. मामींनी उजव्या हातानं तो उचलला आणि किरणावर झटकला.

"अगंबाई!" मामी म्हणाल्या आणि पुन्हा झटकला. मग आणखी एकदा.

"मामी, बस्स! रेघ वरच्या काठाबाहेर गेली!"

"जाऊ दे की." मामी हसत होत्या. "एवढं सगळं मी विणलंय होय?"

मॅडमनी घसा साफ केला. यंत्र तंतू नीट ओळखतं का, हे पडताळायला असे एकसारखे कण हवेच होते. स्वेटर इथेच ठेवला तर? काचेच्या बरणीत, नीट जपून?

मामांनी तोंड उघडलं, पण मामी आधी बोलल्या. "ठेवा. ह्यांना मी सुती विणून देईन. तो सांडतो का, तेही बघून सांगा."

मामींना घरी सोडायला मामा बाहेर पडले तेव्हा वारा सुटला होता. अंगात नुसता सदरा. मामा अंग चोरून चालत होते. बसथांब्यावर मामींनी त्यांना समोर उभं केलं.

"हनुवटी वर करा."

उजव्या हाताच्या बोटांनी त्या सदऱ्याचं गळ्याचं बटण लावू लागल्या. बटण काजात अर्धं जाई आणि निसटे. मामांनी स्वतः ते चुटकीसरशी लावलं असतं. ते हनुवटी वर करून उभे राहिले. नाक गळत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. बस आली. वाहकानं दोघांकडे बघून "चला, चला" म्हटलं. मामांनी हातानंच त्याला पुढे जा म्हणून खुणावलं. बस निघून गेली आणि मामींनी बटण पुन्हा काजाशी नेलं.