सोन्यातली पक्ष्याएवढी जागा

तळहाताएवढ्या फळीवर पक्षी रंगवणाऱ्या त्या बाईला सगळे वर्खवाली म्हणत, कारण पक्ष्यामागे ती आभाळ रंगवत नसे, सोन्याचा वर्ख लावी. वर्ख इतका हलका की कुणी ‘अगं’ म्हटलं तरी उडून कपाटावर जाऊन बसे. म्हणून तिच्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद आणि हसायला सक्त मनाई. तिचा नवरा शिंकायला जिन्यात जायचा. संसार सुखाचा होता.

कामाची तिची रीत उलटी. आधी सोनं, पक्षी शेवटी. पक्ष्याची नुसती कड काढून आतली जागा कोरी सोडायची, भोवती डिंक लावायचा, तो वाळला की त्यावर तोंडाची वाफ सोडून ओलसर करायचा आणि वर्ख अलगद टेकवायचा.

एक दिवस चष्मेवाला आला. साऱ्या गल्लीला चष्मे देऊन दिसायला लावणारा हा माणूस. पण लहानपणी गच्चीच्या कठड्यावर त्याने जो पक्षी पाहिला, त्यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. थोरली बहीण तर तिथेच होती, आणि कठड्यावर काहीही नव्हतं असं तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून त्या घरात थाप म्हणजे पक्षी. यायला उशीर झाला तरी मेव्हणे विचारत, वाटेत पक्षी होता का? आता केस पिकले होते. तो पक्षी एकदा ताईच्या डोळ्यांसमोर ठेवावा, एवढंच त्याला हवं होतं.

वर्खवालीला राहवेना. तिने विचारलं, रंग कसा? तर म्हणे, जाड भिंगातून पाहिलेला पिवळा. पाय? पायांवर उभा होता. शेपटी? यावर तो उठला आणि छाती पुढे काढून खोलीभर चालून दाखवू लागला. तिने चालीवरूनच रेघा मारल्या. पहिलं चित्र बदकावर गेलं. दुसरं हुबेहूब त्याच्या मेव्हण्यांवर गेलं. ते त्याने खिशात घातलं. तिसरं मात्र त्याने डोळ्यांजवळ धरलं. म्हणाला, असंच काहीसं, पण काहीतरी राहिलंय. काय, ते काही सांगता येईना.

वर्ख लावून होतो न होतो तोच तो ताईला घेऊन हजर. थापेला सोन्याचं कोंदण करणारा भाऊ नेमका माझ्याच नशिबी, असं ताई जिन्यापासून ऐकवत आली होती. वर्खवालीने ओठांवर बोट ठेवलं. ताईने नाकासमोर रुमाल धरला, चष्मा सावरला आणि वाकून पाहिलं. चहूकडे लखलखतं सोनं, मधोमध पक्ष्याएवढी कोरी जागा.

“चोच एवढी आखूड नव्हती,” ताई म्हणाली.

कुणी श्वास घेतला नाही. त्या खोलीत तसाही घ्यायचा नसतोच.

“ताई, तुला काय माहीत?” चष्मेवाल्याने हळूच विचारलं.

“मला नाही तर कुणाला? आधी मी पाहिला. तुला बोटाने दाखवला, तर तू धावत सुटलास आणि घरभर ‘मी पाहिला, मी पाहिला’ करून आलास. मग मी म्हटलं, पक्षीच नव्हता.”

वर्खवालीने टोकदार सुरी घेतली आणि सोनं खरवडून चोच लांबवली. चष्मेवाला स्टूल ओढून चित्रासमोर बसला. राहिलं होतं ते चोचीतच.

रंगाची वेळ आली तेव्हा ताई म्हणाली, निळा. आता जुंपणार, या अंदाजाने वर्खवालीने उरलेला वर्ख झाकून ठेवला.

“निळा तर निळा,” चष्मेवाला म्हणाला. “होता ना? बस्स.”

ताईने रुमाल खाली घेतला. सहज विचारल्यासारखं करत म्हणाली, “तुझ्याकडे बघितलं होतं का रे त्याने?”

“बघितलं होतं.”

“माझ्याकडेही.”

वर्खवालीचा कुंचला हवेतच राहिला. एका अंगाने काढलेल्या पक्ष्याला डोळा एकच. तो कुणाच्या वाटणीला द्यायचा? तिने विचारलं, तेव्हा कोण कुठे उभं होतं? झालं, भावंडांनी टेबल सरकवलं, स्टुलाचा कठडा केला, मी इकडे, तू तिकडे, असं करत जागा धरल्या आणि पक्षी म्हणून वर्खवालीलाच वर बसवलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. मान तिरकी करून ती आधी भावाकडे आणि मग ताईकडे बघू लागली.