पाय पुसणारा राक्षस

मी तीन डोळ्यांच्या राक्षसाचा मुखवटा. बोलायला आता तोंडही धड राहिलेलं नाही. खालचा ओठ गेल्या उन्हाळ्यात गळून पडला. तरी ऐका.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या पश्चिमेला एका गोदामात जीन नावाच्या बाईनं मला एका टीव्ही मालिकेसाठी रबरापासून घडवलं. आधी ती लग्नाचे केक करायची, म्हणून माझ्या कपाळावरची टेंगळंही मलईच्या फुलांसारखी झाली. मला डोक्यावर चढवायचा तामाती. उंचापुरा माओरी गडी, पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरायचा. दर आठवड्याला मालिकेचा नायक तलवार घेऊन यायचा, चार विनोद करायचा आणि आम्हाला मारायचा. पुढच्या आठवड्यात आम्ही नव्या रंगात पुन्हा हजर!

एकदा राजवाड्यावर हल्ला करताना तामाती दारात थांबला, पायपुसण्यावर नीट पाय पुसले आणि मग गर्जना केली.

"अरे, राक्षस कधी पाय पुसतो का?" दिग्दर्शक ओरडला.

"माझ्या आईच्या घरात शिरायचं तर राक्षसालाही पुसावे लागतात," माझ्या आतून तामाती म्हणाला.

सगळे हसून लोळले. ते दृश्य तसंच राहिलं, आणि पुढं प्रत्येक भागात राक्षस पाय पुसू लागला.

मालिका संपली. तामाती मला घरी घेऊन आला. त्याला आता गंभीर कामं हवी होती. नाटकवाले विचारायचे, "आधी काय केलंय?" त्यानं सांगितलं की हसायचे. ते हसणं वेगळं होतं. शेवटी त्यानं सांगणंच सोडलं. टेम्स गावी लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि मला गॅरेजमध्ये टाकलं. त्याची मुलगी मेरेआना मला शाळेत मिरवायला घेऊन गेली, तर तामाती मास्तरांसमोर म्हणाला, "तो दुसराच कुणीतरी होता." पोरगी रडली. मी रबराचा, मला रडताही येईना.

पंचवीस वर्षांनी ऑकलंडला त्या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरला. तामातीला बोलावणं आलं.

"त्या पोरखेळाला कोण जातंय?"

मेरेआना मला घेऊन एकटीच गेली. सभागृहाच्या दारात पायपुसणं होतं. आजीबाई, बाप्ये, कडेवरची पोरं, एकूण एक माणूस पाय पुसून आत शिरत होता. तिनं फोन लावला. "पापा, सगळे तुझ्यासारखे पाय पुसतायत!"

"थट्टा करतायत," म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तो आला. दोन तास गाडी हाकत, इस्त्रीचा सदरा घालून. सभागृह रिकामं झालेलं. मेरेआना मला पिशवीत भरत होती, रखवालदार खुर्च्या रचत होता.

"बरीच माणसं होती का?" तामातीनं त्याला विचारलं.

"बरीच? राक्षसाचं काम करणारा येईल म्हणून शेवटपर्यंत थांबली होती. तुम्ही कोण?"

तामाती खुर्च्यांकडे पाहत राहिला.

"कुणी नाही. मुलीला न्यायला आलोय."

आता माझा भुगा होत चाललाय. डोक्यावर चढवलं तर तुटेन. माझं काही मागणं नाही. पण लहानपणी ती मालिका पाहून तुम्ही हसला असाल, तर टेम्स गावी तामातीला दोन ओळी लिहा. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पत्र लगेच उघडणार नाही. पण लवकर लिहा.