आगीची शिडी

सुतारबाबांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता, आणि सून मिळाली तीही नेमकी अग्निशामक दलातली. गल्लीत तिला सगळे कौतुकाने ‘बंबवाली’ म्हणत. बाबाही म्हणत, पण कौतुकाने नव्हे.

घर टेकडीच्या चढावर, जंगलाला लागून. शेजारीच बाबांचं वर्कशॉप. उन्हाळा तोंडावर आला तशी बंबवाली मागेच लागली. भिंतीला टेकलेल्या फळ्या हलवायला लावल्या, पन्हळीतला पालापाचोळा काढायला लावला. बाबांनी कुरकुरत का होईना, केलं सगळं. घोडं अडलं ते पाइनच्या झाडापाशी.

“बाबा, याच्या खालच्या फांद्या छाटायला हव्यात.”

“झाडाला हात लावायचा नाही!”

झाड बाबांच्या बायकोने लावलेलं. खालच्या फांदीवर ती ओला टॉवेल टाकायची, येता-जाता फांदी धरून चपला झटकायची. वरचा शेंडा ती गेल्यानंतर वाढलेला. तिचा हात लागला होता तो या खालच्याच फांद्यांना. हे सांगायचं कुणाला आणि कसं? म्हणून बाबा ओरडत.

एका संध्याकाळी बंबवाली चहा घेऊन वर्कशॉपमध्ये आली. बाबा नव्या शिडीला पायऱ्या ठोकत होते.

“बाबा, हिच्या खालच्या पायऱ्या काढून टाकल्या तर?”

“तर चढणार कुठून? माझ्या डोक्यावरून?”

“आगीचंही तसंच असतं. गवत पेटतं ते गुडघ्याएवढं. तिथून आगीला एकदम शेंड्यावर नाही जाता येत. गवतावरून झुडपावर, झुडपावरून खालच्या फांदीवर, अशी चढते ती. शेंडा पेटला की वारा निखारे उचलतो आणि थेट या छपरावर आणून टाकतो. मग आमचा बंब येऊन काय दिवे लावणार?” ती जरा थांबली. “आईंचं झाड मला तोडायचं नाहीये, बाबा. वाचवायचंय.”

बाबा पुन्हा पायऱ्या ठोकू लागले. चहा मात्र तसाच निवून गेला.

सकाळी तेच शिडीवर चढले. दुसऱ्या कुणाला करवतीला हात लावू दिला नाही. एकेक फांदी धरून हळूच खाली सोडली, आणि मग डोळ्यांत भुसा गेला म्हणत बराच वेळ डोळे पुसत बसले.

आग लागली ती खाली रस्त्याकडेला. कुणी शहाण्याने वाळक्या गवतात गाडी उभी केली, तापलेला सायलेन्सर गवताला टेकला, आणि वारं तर होतंच. चढावर आग पळत सुटते, कारण वरचं गवत तिच्या झळांनी आधीच भाजून तयार असतं. लोकांनी बाबांना शाळेच्या हॉलमध्ये आणून बसवलं. खिडकीतून टेकडी दिसेना, नुसता धूर. सून बंबावर होती. बाबांचा जीव टांगणीला लागला. दुपार कलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला झाडाची आठवणसुद्धा झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, तोंड काजळीने माखलेलं. बाबांचा जीव भांड्यात पडला.

“चला, बघायला.”

उतार काळाठिक्कर पडला होता. पाइनचा बुंधाही कमरेच्या उंचीपर्यंत काळा. पण त्यावर झाड हिरवंगार उभं होतं, आणि वर्कशॉपचं छप्पर जसंच्या तसं.

“आली होती बुंध्यापर्यंत,” सून म्हणाली. “पायरीच सापडली नाही तिला.”

बाबांनी बुंध्यावर हात ठेवला. अजून कोमट होता. मग ते वर्कशॉपमध्ये गेले आणि एक बुटकं स्टूल घेऊन बाहेर आले. पॉलिश व्हायचं होतं, पण पाय भक्कम होते.

“बस इथे.”

“हे कधी केलंत?”

“त्याच फांद्यांचं आहे. तुझ्या सासूचा हात लागलाय त्याला. बस म्हटलं ना!”

ती बसली. बाबा गुडघे धरत खाली वाकले आणि तिच्या बुटाच्या नाड्या सोडू लागले.

“अहो बाबा, काय करताय!” तिने पाय मागे घेतला.

“गप्प बस गं, बंबवाले,” बाबा म्हणाले, आणि या वेळी ते कौतुकानेच म्हणाले.