भागवतरावांनी पारखलेला लॅपटॉप

भागवतरावांनी घोडेगावच्या बाजारात उभी हयात जनावरं पारखली. हलकीशी कालवड घ्यायची, घरचा चारा घालायचा, दोन वर्षांत अंगानं भरते. आता या गड्यानं लॅपटॉपही तसाच निवडावा, याला काय म्हणायचं! लेकीला, सृष्टीला, घेऊन दुकानात गेले, एकेक तळहातावर तोलला आणि वहीएवढा पातळ होता तोच उचलला. मेमरी काय, मागनं वाढवू, म्हणाले.

सृष्टीला पुण्याच्या कंपनीत काम लागलं होतं. ड्रोननं टिपलेले फोटो जोडून शेतांचे नकाशे करायचे. महिनाभर घरून जमवून दाखव, नाहीतर ऑफिसात येऊन बस, असं कंपनीनं सांगितलेलं. भागवतरावांना लेक घरीच हवी होती. आता घरात दोघंच तर उरलेले.

दुपारी ते तिच्या बाजूला सतरंजीवर पडायचे. पडद्यावर कोपरगावचा ऊस, पाट, गोदावरीचं वळण अलगद सरकत यायचं. डोळा लागला की तेही वरनं तरंगत निघायचे. ऊन कोवळं असायचं, आवाज कसलाच नसायचा. खाली आपल्या घराचे पत्रे दिसायचे आणि आत लेक बसलीय म्हणून जीव कसा निवांत व्हायचा.

पण नकाशा मोठा झाला की गोदावरी अर्ध्यातच थांबायची आणि लॅपटॉप तापून गप्प. महिना भरायला चार दिवस उरले, तेव्हा भागवतराव मेमरी वाढवायला तो घेऊन राहात्याला गेले. दुरुस्तीवाल्या हनुमंतनं मागचं झाकण काढून दाखवलं. मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली, दुसरी बसवायला जागाच नाही. फाइली ठेवायची डिस्क तेवढी मोठी घालता येईल, पण तिनं हे दुखणं जायचं नाही, म्हणाला.

वाटभर भागवतराव स्वतःलाच शिव्या घालत आले. आपल्याच हातानं लेक लांब धाडली की! घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि चुकलं माझं म्हणाले.

सृष्टी झाकणावर बोट फिरवत बसली.

"अण्णा, मला माहीत हुतं. दुकानातच मोबाईलवर वाचलं, याची मेमरी वाढत न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला जायचंय. तुमाला एकटं टाकून जाते म्हनायला तोंड हुईना."

भागवतरावांना राग आला, चांगलाच आला. मग डोळे भरले. बाहेर ऊन उतरत होतं, उसावरनं गार वारा येत होता.

"कुनी इचारलं तर लॅपटॉपचं नाव घेऊ नगंस," ते म्हणाले. "जायचं हुतं म्हनून गेली, असंच सांगीन मी."