ठिगळ्या कुणाकडे जातो

आमच्या घरी कुत्रा आला तो माझ्यासाठी, आणि महिना झाला तरी ज्या कामाला आला त्या कामापुरतं तो मला हिंग लावून विचारत नव्हता.

एरवी तक्रारीला जागा नाही. बाहेर निघालो की माझ्या गुडघ्याला घासून चालायचा. दुकानात पाठीमागून कुणी फार जवळ आलं तर मध्ये आडवा उभा राहायचा, न गुरगुरता. एका बंद कारखान्यामागे तारेने बांधून टाकलेलं हे ध्यान; अंगावर तीन रंगांचे तुकडे, म्हणून नाव ठिगळ्या. अशा कुत्र्यांना सोडवून आणायचं, माणसाळवायचं, शिकवायचं आणि माझ्यासारख्या लढाईवरून परतलेल्यांच्या घरी द्यायचं, हे त्या केंद्राचं काम. पहिल्या दिवशी मी म्हटलं, वा, दोन टाकून दिलेले नग एका घरात. बायकोला हा विनोद अजिबात आवडला नाही.

आता मुख्य कामाचं सांगतो. झोपेत मी अधूनमधून परत तिकडे जातो. ओरडतो, हात चालवतो, समोर कोण आहे ते कळत नाही. एकदा बायको उठवायला आली आणि मी तिचं मनगट असं पिरगाळलं की प्लास्टर घालावं लागलं. त्या दिवसापासून मी बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो. असं काही होण्याआधी म्हणे अंगाच्या घामाचा वास बदलतो. माणसाला पत्ता लागत नाही, कुत्र्याला लागतो. वास आला की ठिगळ्याने पंजा मारून मला जागं करायचं. ते जमलं तर मी पुन्हा आतल्या खोलीत झोपायला मोकळा. नाही जमलं तर ठिगळ्या परत केंद्रात, आणि मी कोचावर, कायमचा. पन्नाशी उलटलेल्या गड्याने हे सांगू नये, पण मला माझ्या बायकोशेजारी झोपायचं होतं. त्याहून मोठी इच्छा त्या दिवसांत मला दुसरी नव्हती.

आणि जमत तर नव्हतंच. केंद्रात डब्यांतली फडकी हुंगून हा पठ्ठ्या दर वेळी बरोबर डब्यापुढे बसायचा. घरी काय? दुपारी मी खुर्चीत जरा डोळा लावला की हा उठायचा, मला वळसा घालून तडक स्वयंपाकघरात जायचा आणि बायकोच्या मांडीवर पंजा ठेवायचा. तेसुद्धा मी शांत घोरत असताना. मी खरोखर ओरडायला लागलो की मात्र साहेब टेबलाखाली, कान पाडून गप्प.

"तू त्याला गुपचूप काहीतरी चारतेस," मी बायकोला म्हटलं.

"मी? कालची बिस्किटं कुणी संपवली?"

यावर मी विषय बदलला.

केंद्रातली शिकवणारी मुलगी शेवटची पाहणी करायला आली. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही तिला मागे शिट्टीवाली म्हणतो. ती आली, पाणी प्यायली आणि खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, झोपा."

"असं हुकमावर?"

"फौजेत झोपत होतात ना?"

आता फौजेत मी उभ्या उभ्या झोपलो आहे, तेव्हा बोलायची सोय नव्हती. झोपलो. उठलो तर ही पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उकिडवी बसलेली, ठिगळ्या बायकोला चिकटलेला, बायको कांदा चिरायचा सोडून अवघडून उभी. मला वाटलं, झालं, आता नेते ही त्याला. पण पोरगी रागावलेली दिसेना. तिचे डोळे नुसते चमकत होते.

"काकू," ती म्हणाली, "काकांच्या घामाची फडकी तुम्हीच घेऊन पाठवायचात ना? कशी घेत होतात, जरा करून दाखवा."

फडक्यांची रीत ठरलेली होती. केंद्र स्वच्छ फडकी बंद डब्यात पाठवायचं. मला त्रास सुरू झाला की डबा उघडायचा, चिमट्याने फडकं उचलायचं, माझ्या मानेला लावायचं आणि हात न लावता परत डब्यात बंद करायचं. त्या वासावर ठिगळ्या शिकला.

बायकोने डबा घेतला, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली, फडकं काढलं आणि मुठीत धरलं.

"चिमटा?" पोरीने विचारलं.

"अगं, यांना एकदा सुरू झालं की चिमटा शोधत कोण बसणार? मी आधीच काढून ठेवायचे."

"आधी म्हणजे कधी?"

"यांचा डोळा लागला की."

"आणि मग?"

"मग काय. बसायचे असंच, फडकं धरून. कधी तास, कधी दोन तास."

पोरीने मला पुन्हा झोपायला लावलं. एक नवं फडकं बायकोच्या मुठीत दिलं आणि माझ्याजवळ जायचं नाही असं बजावलं. दुसरं तिने स्वतःच्या मुठीत ठेवलं, तिसरं कोरंच राहू दिलं. मी उठल्यावर तिन्ही फडकी सारख्याच डब्यांत घालून तिने जमिनीवर उलटसुलट मांडली आणि ठिगळ्याला सोडलं. मीही चष्मा लावून पुढे वाकलो, कारण आता मलाही राहवत नव्हतं. त्याने पहिला हुंगला, पुढे गेला. दुसरा हुंगला, पुढे गेला. तिसऱ्यापाशी थांबला, बसला आणि पंजा उचलला. तो बायकोचा डबा होता. माझ्या मानेचा त्या फडक्याला स्पर्शसुद्धा झाला नव्हता.

"कुत्रा चुकत नाहीये," पोरगी म्हणाली. "आधी पाठवलेल्या सगळ्या फडक्यांवर काका होते थोडेसे, आणि काकू भरपूर. भ्यायलेल्या माणसाचा वास ओळखायला आम्ही त्याला शिकवलं. तो शिकला."

"मी काही घाबरत वगैरे नाही हं," बायको म्हणाली.

ठिगळ्या उठला, तिच्याकडे गेला आणि तिच्या मांडीवर पंजा ठेवला. तिने ढकललं, तो हलला नाही. पुन्हा ढकललं. मग तिचा हात तसाच त्याच्या डोक्यावर राहिला आणि ती रडायला लागली. प्लास्टर घालतानासुद्धा रडली नव्हती ती.

"मला घाबरतेस?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाला घाबरू? तुम्ही ओरडता तेव्हा मला भ्यायला सवडच नसते. पाणी आणायचं, दिवा लावायचा, नावाने हाका मारायच्या. तुम्ही शांत झोपता ना, तेव्हा भीती वाटते. आता होईल, मग होईल, करत बसायचं."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी झोपलो की निदान हिला तरी उसंत मिळते. मला माझी लाज वाटली आणि कुत्र्याचा हेवा वाटला. आलेल्याला जेमतेम महिना झाला, आणि त्याला ठाऊक होतं.

पोरीने खाकरून सांगितलं की काकूंची हरकत नसेल तर ती स्वतः येऊन बसेल, चिमट्याने माझी नवी फडकी घेईल आणि ठिगळ्या दुसरा वासही शिकेल. "फक्त नियमाने एका कुत्र्याला एकच माणूस असतो. केंद्रात कुणाचं नाव सांगू?"

"हिचं सांग," मी म्हटलं. "माझं मग बघू. हिच्याजवळून त्याला हलवायचं नाही."

"अहो, पण मग तुमचं आत झोपायचं?" बायको म्हणाली.

"राहू दे. इतके दिवस झोपलो कोचावर, आणखी झोपेन. तुझ्या हाताला काही व्हायला नको."

तिने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर खरोखर चिडली.

"तुम्ही त्या कोचावर माझ्यासाठी झोपता, माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण तिथून तुमचा श्वास ऐकू येत नाही. रात्रभर कान देऊन बसते मी."