घाडीनानांचं गाऱ्हाणं

खरं सांगायचं तर जलदगती रेल्वेचं स्टेशन लालबागला व्हावं म्हणून सगळ्यात जास्त घसा फोडला होता तो मोगरे चाळीनेच. दादरकरांचं म्हणणं, एवढा मान दादरलाच शोभतो. फणसवाडीत तर सभा भरवून ठराव झाला की गाडी थेट गिरगावात यावी, कारण खरी मुंबई तिथून सुरू होते. हे ऐकून मोगरे चाळीने नाक्यावर भलामोठा फलक लावला: 'दादरला काय कमी आहे? स्टेशन लालबागलाच!' खाली अठरा जणांचे फोटो. सगळ्यात वर दगडू घाडींचा, म्हणजे घाडीनानांचा, टोपीसकट.

मग रेल्वे महामंडळाचा नकाशा पर्यायांच्या कागदांसकट आला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. स्टेशन जमिनीखाली होतं ते ठीक, पण त्याचं दार चाळीच्या पटांगणात दाखवलं होतं. होळी झाली की पटांगणाला पत्रे लागणार, ते चार वर्षांनी निघणार. फलक त्याच संध्याकाळी उतरला. दादरवर आजवर किती अन्याय झालाय, हेही चाळीला त्याच संध्याकाळी आठवलं.

बाकीच्यांचं जाणार होतं ते क्रिकेट आणि स्कूटर लावायची जागा. दगडू घाडींचं त्याहून मोठं काहीतरी जाणार होतं. त्यांची नात पूर्वी, तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं आणि रखमाचं लग्न याच पटांगणात लागलं, तेव्हा तीन मजल्यांच्या कठड्यांवरून अक्षता पडल्या होत्या. ही गोष्ट पूर्वीने लहानपणी शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा बजावलं होतं, "आजोबा, माझ्यावरपण वरूनच पडल्या पाहिजेत हां!" आजोबांनी शब्द दिला होता. रखमा आता नव्हती, पण शब्द होता.

जनसुनावणी रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये होती. चाळ कमिटीचा सेक्रेटरी विनीत राणे आदल्या दिवशी नानांच्या खोलीत आला.

"नाना, एक रिक्वेस्ट आहे. उद्या गाऱ्हाणं नको, प्लीज. मी स्लाइड्स बनवल्यात. सगळं रेकॉर्ड होणार आहे."

नानांना ते लागलं. घाडी घराण्याचं कामच गाऱ्हाणं घालायचं. कोकणात गावच्या देवळापुढे आणि इथे पटांगणात, होळी असो की गणपती, नानांनी देवाला हाक मारायची आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. गिरणी बंद पडली तेव्हा हातातलं काम गेलं, पण हे तोंडातलं काम कोणी काढून घेतलं नव्हतं. "बरा," एवढंच नाना म्हणाले, आणि सकाळी निघताना पिशवीत नारळ टाकलाच.

हॉल खच्चून भरला होता. स्टेजवर पीठासीन अधिकारी, समोर नावाची पाटी: राकेश तळवणेकर. शेजारी एक बाई लॅपटॉपवर इतिवृत्त टाइप करत होत्या. विनीतचा पेन ड्राइव्ह काही केल्या उघडेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली, माणसं चुळबुळ करू लागली. तळवणेकर साहेब म्हणाले, "तोवर कोणी ज्येष्ठ दोन शब्द बोलतील का?"

अख्ख्या हॉलने मागे वळून नानांकडे पाहिलं. नानांनी विनीतकडे पाहिलं. विनीतने कपाळावर हात मारला. नाना माइकपाशी गेले, पण रिकामे दोन शब्द बोलायचे कसे ते त्यांना कुठे ठाऊक? त्यांनी नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि खणखणीत सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या जाग्यार जी सरकारी मंडळी इली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जा काम घेवन ती इली हत, त्या कामाक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीनशे घशांतून आवाज आला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

नानांचं काही चुकलं नव्हतं. दारात आलेल्या पाहुण्याच्या कामाला यश मागायचं, ही रीतच. शंभर गाऱ्हाण्यांत त्यांनी ते मागितलं होतं. पण लॅपटॉपवाल्या बाई साहेबांकडे वळून हळूच बोलल्या आणि माइकने ते सगळ्यांना ऐकवलं: "सर, 'पटांगणातील प्रवेशद्वारास उपस्थितांनी एकमुखी पाठिंबा दर्शवला' असं लिहू?"

विनीत ताडकन पुढे आला.

"नाना!" विनीत ओरडला. "काय केलंत हे?"

नानांनी समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत पूर्वी बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती. पन्नास वर्षं जी जीभ चाळीसाठी मागत आली, तिनेच आज नातीचा मांडव उपटला. नानांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की नारळ तिथेच ठेवून घरी जावं. आणि अजून न वाढवलेल्या त्या नारळाकडे नजर जाताच ते थांबले.

"सायबानूं," ते म्हणाले, "गाराणा अर्धा रवला हा. अर्धा गाराणा सोडूचा नाय. तुमी तळवण्याचे मा, आमच्याच मुलखातले? तुमका ठावक असतला."

साहेबांनी चष्मा काढला. बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेला तो माणूस खुर्चीवरून उठला आणि त्याने हात जोडले. ते उठले म्हणून लॅपटॉपवाल्या बाई उठल्या, आणि मग सगळा हॉलच उठला.

"बा देवा म्हाराजा! स्टेशन होवचा तर खुशाल होवंदे. पण पटांगणाच्या मातयेक धक्को लागता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हामंडळाच्या कागदाच्या शेवटच्या पानार तिसरो पर्याय आसा, बंद गिरणीचो गेट. हयसून शंभर पावलांर. बावीस वर्सा मी त्या गेटातसून आत गेलंय, थयसर जागा रग्गड. ती वाट सायबांका दाखय रे म्हाराजा!"

आणि या वेळी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने, माइकच्या अगदी जवळून आवाज आला: "व्हय म्हाराजा!"

डोळे मिटलेले, हात जोडलेले, तळवणेकर साहेब. आपण काय बोललो ते त्यांना हॉलमधल्या टाळ्या ऐकून कळलं.

"सर," बाईंनी विचारलं, "हे पण लिहू?"

साहेब आधी लाल झाले, मग हसू दाबू लागले, शेवटी ते फुटलंच. "लिहा," ते म्हणाले. "पहिलं लिहिणार होतात, तर हे का नको? आणि गाऱ्हाण्यात दिलेला होकार मागे घेतला तर माझी आई मला गावात पाऊल ठेवू देणार नाही."

एवढ्यावर सरकार हलतं असं नाही. मोजणी झाली, माती तपासली, दोनदा माणसं येऊन गेली. पण शेवटच्या पानावरचा पर्याय पहिल्या पानावर आला, आणि पौषात पत्र आलं: प्रवेशद्वार गिरणीच्या गेटाशी. सोबत इतिवृत्ताची प्रत होती. विनीतने ती जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचली: 'पर्याय क्रमांक तीनला उपस्थितांनी, पीठासीन अधिकाऱ्यांसह, एकमुखी होकार दिला.' पुढे त्याने नानांना वाकून नमस्कार केला आणि त्या स्लाइड्सचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

वैशाखात पटांगणात मांडव उभा राहिला. अंतरपाट दूर झाला आणि तीन मजल्यांच्या कठड्यांवरून अक्षतांचा असा मारा झाला की भटजींना डोळे मिटावे लागले. मग नाना नारळ घेऊन गाऱ्हाण्याला उभे राहिले. "बा देवा म्हाराजा..." म्हणाले, आणि पुढचा शब्दच फुटेना. त्यांनी वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, रखमाच्या वेळच्याच कठड्याकडे.

लोक वाट बघत राहिले. तेव्हा मुंडावळ्या मागे सारत पूर्वी पुढे आली, आजोबांच्या हातातल्या नारळाला तिने हात लावला.

"बा देवा म्हाराजा! माज्या आजोबांका शंभर वर्सा आयुक्ष दी रे म्हाराजा! आणि पुढच्या येळाक काय मागतंव ता आधी बघून मागूची बुद्दी दी रे म्हाराजा!"

सगळं पटांगण खदखदून हसलं. गाऱ्हाणं घालणारा कधी होकार देत नाही, त्यामुळे नानांनी पन्नास वर्षांत ते दोन शब्द उच्चारले नव्हते. उपरण्याने डोळे पुसून त्यांनी ते सगळ्यांच्या आधी उच्चारले.

"व्हय म्हाराजा!"