आठवा खड्डा आणि पांजणीचा कुंचा

साहेब, तो खड्डा तुम्ही बुजवलात. उघडून पाहिला, काही निघालं नाही, म्हणून बुजवला असता तर मी गप्प राहिलो असतो. तुम्ही न पाहता बुजवलात. गाडीची काच अर्धी खाली केलीत, "लोटा" म्हणालात, आणि काच वर गेली.

मित्रांनो, दचकू नका. हे बोलणं तुम्हाला नाही. ज्यांना आहे त्यांना ते ऐकू येत नाही, म्हणून तुमच्यासमोर बोलतो. मी एक जुना कुंचा आहे. भिंत रंगवायचा नव्हे, कोष्ट्याच्या घरचा, पांजणीचा. नागपुरातल्या एका सार्वजनिक बागेत हिरवळीखाली हातभर खोल मी पालथा पडलो आहे. माझ्या पोटाखाली एक खड्डा आहे. त्यात काय आहे हे मलाही ठाऊक नाही, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

उन्हाळ्यात तुमच्या कुलरला खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावतात ना, त्याच खसाच्या मुळ्यांचा मी झालो. तांडापेठेतल्या वामनरावांनी मला स्वतः बांधलं. मुळ्या भिजवल्या, ठेचल्या, विंचरल्या आणि लाकडी मुठीत सुतळीने अशा आवळल्या की चाळीस वर्षांत माझी एक काडी ढिली झाली नाही.

माझं काम समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं आहे. मागावर चढण्याआधी सूत कच्चं असतं. म्हणून ताण्याचे हजारो धागे गल्लीत लांबच्या लांब पसरून ताणायचे, त्यांना भाताच्या पेजेची खळ लावायची आणि ती सुकायच्या आत कुंचा फिरवून धागा न् धागा मोकळा करायचा. हीच पांजणी. एवढा लांब ताणा जमिनीला टेकू नये म्हणून खाली जागोजाग बांबूच्या कैच्या रोवायच्या. कैची म्हणजे दोन तिरपे बांबू, वर एकमेकांना छेद देणारे. आणि दोन्ही टोकांना एकेक जाड खुंटा, दगड ठोकून पक्का केलेला. सगळी ओढ त्या दोन खुंट्यांवर.

कोवळ्या उन्हात वामनराव एका बाजूने आणि त्यांची सून यमुना दुसऱ्या बाजूने माझी मूठ धरून चालायची. मी धाग्यांवरून सरसर जायचो. शेजारी म्हणायचे, वामनरावांच्या ताण्यात गाठ शोधून दाखवा. ते सगळं बोलणं मी माझ्याच नावावर जमा करायचो.

मग गल्लीत सिमेंट आलं, खुंटा ठोकायला माती उरली नाही. माग भंगारात गेला. वामनराव गेले. मी दारामागच्या खिळ्यावर लटकलो. दिवाळीच्या आधी यमुताई मला काढायची आणि कोळिष्टकं झाडायची. ज्याने रेशीम विंचरलं त्याच्या डोक्यात कोळी. असो. यमुताईही तोवर शाळेत खिचडी शिजवायला लागली होती. आमच्या दोघांच्याही अंगातलं कसब कोणी विचारत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात या बागेत कारंज्याचे नळ टाकताना जुनी खापरं निघाली. हिवाळ्यापुरतं, तीन महिन्यांचं उत्खनन ठरलं. यमुताई तिथे मजुरीवर लागली. काम बघायला प्रणाली मॅडम होत्या, रामटेककडच्या, वयाने यमुताईच्या मुलीएवढ्या. मजुरांना त्यांनी प्लॅस्टिकच्या केसांचे ब्रश दिले. पहिल्याच दिवशी यमुताई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, हा बुरूश माती पुसून नाही राहिला, खरडून राहिला. पाहा, कसे ओरखडे पडले."

"मग काय वापरू, यमुताई?"

"उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत बसून बागेत आलो. गेटपाशी भैयाजी माळी पाइप धरून उभा होता.

"यमुताई, माती खोदाले आली का लुगडं विणाले आली वं?"

"तू आपल्या झाडाईले पानी देत राह्य गा. मी सासऱ्याले घेऊन आली. मदतीले."

त्या दिवसापासून भैयाजी मला 'सासरेबुवा' म्हणायला लागला.

मित्रांनो, चाळीस वर्षं मी गल्लीच्या वरून फिरलो होतो. गल्लीच्या खाली काय असतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. खाली पिवळी माती होती, तिच्याखाली राखेची, तिच्याखाली तपकिरी. एका खापरावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता. एका बांगडीचा हिरवा तुकडा निघाला तेव्हा सगळ्या बाया कामं सोडून आपापल्या मनगटाला लावून पाहायला लागल्या. प्रणाली मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांची एक सवय होती, काही निघालं की आधी मजुरांना विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" वहीत मग पेन्सिलीने लिहायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं.

पहिला छोटा चर बुजवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तळाशी नाणं ठेवलं. यमुताईने विचारलं, काहून? मॅडम म्हणाल्या, "पन्नास वर्षांनी कोणी पुन्हा खोदलं तर त्याला कळावं, आपल्या आधीची माणसं इथपर्यंत आली होती."

यमुताई बराच वेळ त्या नाण्याकडे बघत राहिली होती.

फेब्रुवारीत मोठ्या चरात काळपट गोल डाग दिसायला लागले. मी झाडत गेलो, ते उमटत गेले. लाकूड कुजून गेलं तरी त्याचा खड्डा मातीत वेगळा रंग धरून राहतो. असे सात निघाले. दोन-दोनच्या तीन जोड्या आणि पश्चिमेच्या टोकाला एकटा मोठा. त्याच्यात दगड कोंबलेले होते. मॅडमनी वहीत लिहिलं, 'कुंपणाचे खांब?'

यमुताईने एका खड्ड्यातली माती काढली आणि आत हात घातला. हात सरळ गेला नाही, तिरपा गेला. जोडीतल्या दुसऱ्यात घातला. तो उलट बाजूने तिरपा.

"मॅडम, कुंपनाचा खांब उभा राह्यते. हा तं झुकून राहिला. दोघंही एकमेकाकडं झुकून राहिले." तिने आपले दोन्ही हात कोपरापासून आडवे-तिडवे धरून दाखवले. "हे कैचीचे खड्डे हायेत. इथं पांजणी होत होती."

मॅडम उकिडव्या बसल्या. "आणि हा मोठा?"

"खुंटा. ताणा ओढून धराले."

"पुरावा काय, यमुताई? मला वर सांगावं लागेल."

"एकाच टोकानं ताणा ताणला जाते का? इकडं खुंटा हाये, तं तिकडंही पायजे." ती मोठ्या खड्ड्यापासून पहिल्या जोडीपर्यंत चालली. सहा पावलं. मग शेवटच्या जोडीपासून पूर्वेकडे चालू लागली. पाचव्या पावलाला चर संपला, मापाची दोरी आडवी आली. सहावं पाऊल तिने दोरीपलीकडच्या हिरवळीवर टाकलं. "इथं. सासऱ्याची शप्पथ घेऊ का?"

"नको," मॅडम हसल्या. "तिथे खुंटा निघाला तर मी 'पांजणीची गल्ली' असं लिहीन, आणि कोणी ओळखली त्याच्यापुढे तुमचं नाव. नाही निघाला तर कुंपण."

"नाही निघाला तं माती मीच लोटीन."

मला सांगा, मित्रांनो, याहून सरळ सौदा असतो का? फक्त एक हात जमीन खोदायची होती. पण परवानगी दोरीच्या आतलीच होती, बाहेरची जमीन बागेच्या साहेबांची, आणि अहवालही त्यांच्याच सहीने जायचा. तिथे सेल्फी काढायचा चबुतरा होणार होता, बदामाच्या आकाराचा, शुक्रवारी भूमिपूजन. मॅडमनी दोनदा पत्र दिलं. साहेब एकदा पाहणीला आले, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून फळीवर उभे राहिले आणि म्हणाले, "कुंपणाचे असोत की मंडपाचे, लोकांना काय फरक पडतो?"

लोकांना म्हणजे कोणाला? धरमपेठेतून सकाळी फिरायला येणारे आजोबा रोज दोरीशी थांबून विचारत होते, आज काय निघालं. शाळेची पोरं तर हलत नव्हती. फरक फक्त फळीवरच्या माणसाला पडत नव्हता.

गुरुवार, शेवटचा दिवस. सकाळीच भैयाजी कुदळ आणि जास्वंदीचं रोप घेऊन आला आणि नेमका यमुताईच्या सहाव्या पावलावर उभा राहिला.

"हे काय करून राहिला गा?" यमुताईने विचारलं.

"जास्वंद लावून राहिलो."

"इथं?"

"माळी हावो मी. रोप लावाले कोनाची चिठ्ठी लागते का?"

मॅडम दुसरीकडे बघत वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. भैयाजीने हातभर खोदलं आणि यमुताई एकदम म्हणाली, "थांब. कुदळ बाजूला घे." मला उचलून ती खाली वाकली. मी झाडलं. एकदा, दोनदा, हलक्या हाताने, जसं रेशमावरून जायचं तसं. पिवळ्या मातीत काळा गोल उमटला. परातीएवढा. पश्चिमेच्या खुंट्याएवढाच. आणि त्याच्या काठाशी माझ्या टोकांना काहीतरी कडक लागलं. दगड? वीट? की भलतंच काही? आणखी बोटभर माती काढली असती तर कळलं असतं.

मॅडमनी कॅमेरा काढला. मग परत ठेवला.

"हे परवानगीच्या बाहेर आहे, यमुताई. याचा फोटो अहवालात गेला तर सगळं कामच रद्द करतील. पुढच्या हिवाळ्याचंही."

"तं मंग मी काय डोये झाकू?"

मॅडमनी कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन लावली. मला त्यांचा राग आला होता. अजून थोडा आहे. चांगल्या माणसाने कॅमेरा परत ठेवला की राग जास्त वेळ टिकतो.

तेवढ्यात मुरमाचा टिप्पर आला, मागे साहेबांची गाडी. काच खाली आली. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

"मॅडम, नानं ठेवाले नाही का?" यमुताई म्हणाली. मॅडमनी पर्स उलटी केली, भैयाजीने खिसे चाचपले. आता सगळे फोनवरून पैसे देतात, नाणं कोणाकडेच निघेना. टिप्पर मागे सरकायला लागला. तेव्हा यमुताईने मला पदराने पुसलं, काळ्या गोलाच्या मधोमध पालथं ठेवलं आणि मुठीवरून एकदा हात फिरवला.

भैयाजीने हातातलं रोप खाली ठेवलं. "सासऱ्याले गाडून राहिली का वं?"

"गाडून नाही राहिली. राखणीले ठेवून राहिली."

मग मुरूम आला आणि उजेड गेला.

आता चबुतऱ्याची पायरी माझ्या अगदी शेजारी आहे. तुम्ही तिथे येता, हसता, पाय आपटता, मला सगळं कळतं. भैयाजीने जास्वंद दोन हात बाजूला लावली. यमुताई अधूनमधून येते. एकदा ती त्याला सांगत होती, "कुंपन लिवलं म्हणते. मॅडमनं प्रश्नचिन्ह टाकलं होतं, थे साहेबानं काढून टाकलं." मग भैयाजीने पाइप माझ्या दिशेला वळवला.

खसाला पाणी लागलं की वास सुटतो, म्हातारपणीही. तेव्हा मित्रांनो, जास्वंदीपाशी कधी कुलरसारखा गार वास आला तर जपून उभे राहा. घरातल्या जुन्या वस्तू खिळ्यावर लटकवून ठेवणं म्हणजे त्यांना जपणं नव्हे. त्या काय काम करायच्या, कसं करायच्या, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याला विचारा, तो आहे तोवर. यमुताईला विचारा. मलाही वाळवी लागायच्या आत विचारा.

आणि साहेब, तुम्हाला एकच विचारतो. प्रश्नचिन्ह तुम्ही कागदावरून काढलंत, जमिनीतून ते निघालेलं नाही. मी त्याच्यावरच पडलो आहे. आठव्या खड्ड्यात काय आहे? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. ठाऊक नसेल तर कुंपण कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत, ते सांगा. उत्तर मला नको. यमुताईला द्या, तिच्यासमोर उभं राहून, आणि या वेळी फळीवरून खाली उतरून.